काळा सदरा, पांढरी पाटी

सकाळचे साडेदहा वाजत आले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. हातातलं वर्तमानपत्र बाजूला पडतं, पाय आपोआप जिन्याकडे वळतात. गच्चीवर जायचं, पश्चिमेकडचं आभाळ बघायचं, हाताच्या आडोशानं सूर्याभोवती दुधाळ खळं पडलंय का ते तपासायचं, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या बाजूनं धुरळा उठलाय का ते बघायचं आणि खाली यायचं. खाली येऊन टेकतो न टेकतो तोच वाटतं, आता बदललं असेल. पुन्हा वर. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण ही खोड गेली नाही. परतूरच्या आमच्या गल्लीत मला 'हवामानवाले काका' म्हणतात. पाऊस कधी येणार ते मला कळतं, असा लोकांचा समज आहे. मला त्यातलं काही कळत नाही. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "अवो, बसा की जरा! आभाळाला कवाड हाय का, लावून घ्यायला गेलात ते?"

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "अंतराळातल्या कामाचे अनुभव लिहा." मी अंतराळात काम केलेलं नाही. माझी सगळी नोकरी जमिनीवर गेली, त्यातली बरीचशी गुडघ्यांवर, आणि त्यातलीही पुष्कळशी राजस्थानच्या वाळूत. उपग्रह वरून जे बघतो ते खरं की खोटं, याची साक्ष काढायला खाली आम्हाला ठेवलेलं होतं.

उपग्रह फोटो काढतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तो उजेड मोजतो. सूर्याचा उजेड हवेतून खाली येतो, जमिनीवर पडतो, त्यातला काही परत वर जातो आणि जाताना पुन्हा हवेतूनच जातो. दोन्ही खेपांना हवा लुडबुड करते. धूळ असते, बाष्प असतं, धूर असतो. वर पोचलेल्या उजेडात जमिनीचा वाटा किती आणि हवेचा किती, हे तांदळातले खडे निवडावेत तसं कुणीतरी निवडावं लागतं. म्हणून उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, आम्ही खाली त्याच जमिनीचा उजेड मोजायचो. पाठीवर एक जड पेटी, तिच्यातून निघालेली लवचीक नळी, नळीचं तोंड जमिनीकडे. आधी पांढरी पाटी मोजायची, मग जमीन, मग पुन्हा पाटी. ही पाटी म्हणजे तिच्यावर पडलेला उजेड जवळजवळ सगळाच परत फेकणारा पांढरा चौकोन. तिच्याशी ताडून जमिनीचं माप काढायचं. दुसरा एक माणूस हातातलं छोटं यंत्र सूर्याकडे धरून हवा किती गढूळ आहे ते मोजायचा. हे सगळं वाळवंटात का, तर तिथली वाळू कोसच्या कोस एकसारखी, पीक नाही, ढग क्वचित. नव्या कॅमेऱ्याची पारख करायला अशीच जमीन लागते.

आणि मोजणाऱ्यानं काळे कपडे घालायचे. पांढरा सदरा घातला की त्याचाच उजेड जमिनीवर पडतो आणि माप बिघडतं. आमच्या घरात संक्रांत सोडून काळं कुणी अंगाला लावत नसे. पहिल्यांदा काळे सदरे शिवून आणले तेव्हा आईनं ते उंबऱ्याच्या आत घेऊ दिले नाहीत. "सरकारनं नोकरी दिली का सुतक दिलं?" असं तिनं विचारलं. वडील कापसाचे ग्रेडर होते. कापसाची प्रत बघताना दारात कुणी पांढरा सदरा घालून उभा राहिला तर ते त्याला हाकलून द्यायचे. त्यांना माझं काम न सांगता समजलं असावं, असं मी मनाशी धरून आहे.

वाळूत माझ्या जोडीला जालन्याचा रफीक होता. जीप चालवायचा आणि पाटी सांभाळायचा. पाटीला बोट लागलं की डाग, डाग पडला की मापात खोट, म्हणून तो तिला लेकरासारखं कपड्यात गुंडाळून ठेवायचा. त्याच्या तोंडातली दख्खनी ऐकली की जैसलमेरच्याही पलीकडच्या त्या ओसाडीत मला जालन्याच्या मोंढ्यात उभं राहिल्यासारखं वाटे. रोज सकाळी जीपच्या टपावर चढून तो आभाळाचा निकाल द्यायचा. "साब, आज आसमान मैला है. पाटी निकालूँ के नक्को?"

एक प्रसंग सांगतो, कारण पुढच्या सगळ्याला तो लागतो. नव्या उपग्रहाचा कॅमेरा पारखायचा होता. आदल्या दिवशी धुळीचं वादळ येऊन गेलेलं. सकाळी वारा पडला, पण बारीक धूळ वरच राहिली. आम्ही मोजमाप केलं. सूर्याकडे धरलेलं यंत्र सांगत होतं की उजेडाचा मोठा हिस्सा वाटेतच अडकतोय. संध्याकाळी मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "काय सुंदर चित्र आलंय! इतकी स्वच्छ हवा कधी मिळाली नव्हती. तुमचं यंत्र बिघडलं असेल, बघून घ्या."

मी यंत्र उघडलं, पुसलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. जेवण गेलं नाही. यंत्र खोटं असेल तर आमची सगळी मेहनत वाया, आणि चित्र खोटं असेल तर ते सगळ्यांना आवडलेलं. जीपभोवती मी इतक्या फेऱ्या मारल्या की रफीक म्हणाला, "साब, आप बैठो, नहीं तो मेरेकू चक्कर आती."

गोम अशी होती. काळ्या घोंगडीवर पीठ सांडलं तर लांबून दिसतं. पांढऱ्या धोतरावर सांडलं तर कुणाला दिसतं? आमच्या परतूरच्या काळ्या रानावर धूळ आली की वरून रान फिकट दिसतं आणि धूळ पकडली जाते. वाळू मुळातच उजळ. तिच्यावरची धूळ जमिनीचा जेवढा उजेड अडवते, साधारण तेवढाच स्वतःचा त्यात घालते. येणं-जाणं सारखं. वरून बघणाऱ्याला वाटतं, मध्ये काहीच नाही. म्हणून मग चित्राच्या कोपऱ्यात काहीतरी काळं शोधायचं ठरवलं. कालव्याच्या कडेचा एक पाण्याचा साठा सापडला. खोल पाणी वरून काळंभोर दिसायला हवं. ते राखेसारखं दिसत होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी फोन करून "बरोबर आहे तुमचं" म्हटलं आणि लगेच ठेवला. रफीक पुढे कित्येक वर्षं कुठलाही वाद निघाला की म्हणायचा, "पानी को पूछो."

त्याच मुलखात एका ढाणीवर, म्हणजे चार झोपड्यांच्या वस्तीवर, धापूबाई नावाची म्हातारी राहायची. तिच्या झोपड्यांमागं सेवण गवताचा पट्टा होता, तो आम्हाला मोजायचा होता. सेवण हे वाळूतलं गवत. वर्षातले बरेच महिने वाळलेलं, वाळूच्याच रंगाचं. गायी त्यावर जगतात. मी तिला वरून आलेलं चित्र दाखवलं. तिनं विचारलं, माझं गवत कुठंय? मी बोट ठेवलं. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, इथं तर काही नाही, मग माझ्या गायी काय खातात? आम्हाला ते ठाऊक होतं. चित्रात जिवंत हिरवं पान ओळखू येतं, कारण डोळ्याला न दिसणारा एक उजेड ते जोरात परत फेकतं. वाळलेलं गवत तसं फेकत नाही, ते वाळूत मिसळून जातं. पण तिला हे कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पेटी घेऊन गेलो तर गवतातली एक जागा तिनं साफ करून ठेवलेली, आणि वाळूवर पाणी शिंपडलेलं. त्या मुलखात पाणी उंटावरून येतं. पाहुण्यांच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून तिनं ते शिंपडलं होतं. ओली जमीन काळी दिसते, तिचं माप काही कामाचं नसतं. उपग्रह यायची वेळ झालेली. आम्ही पलीकडं सरकलो, तिथं मोजलं आणि निघालो. तिच्या ओल्या जागेवर टेकलोसुद्धा नाही. जीप सुरू करायच्या आधी रफीकनं त्या ओल्या जागेकडं वळून बघितलं.

हे सगळं मी विसरलो असतो. अक्काचा फोन आला नसता तर.

अक्का माझी थोरली बहीण. भोकरदन तालुक्यात धावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथं दिलेली. वाडीचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथले सरपंच मला ओळख दाखवणार नाहीत. अक्काच्या घरी शेती मुलाच्या नावावर, घर सुनेच्या हातात. शेळ्या मात्र अक्काच्या. त्यांच्यावर ती स्वतःचा खर्च भागवते, लेकीला बाळंतपणाला आणते, सुनेपुढं हात पसरत नाही. शेळ्या चरतात गावच्या गायरानात, डोंगराच्या उतारावर. तिथं पवन्या आणि कुसळी गवत.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आवाज चढलेला.

"बापू, तू जल्मभर काय करून राह्यलास रं?"

"का? काय झालं अक्का?"

"तुझ्या त्या उपग्रहानं लिवून दिलंय म्हणं, आमच्या गायरानात काईच न्हाई. ओसाड हाय. मंग म्हणं तिथं तारेचं कुंपान घालून उन्हाच्या काचा बसिवनार. ओसाड हाय तर माह्या शेळ्या काय दगडं खात्यात?"

मी फोन कानाला धरून गच्चीवर चढलो. धापूबाईचा प्रश्न, शब्दाला शब्द. मधली इतकी वर्षं मी काय केलं?

"कुंपान पडलं की शेळ्या इकाव्या लागतील," अक्का म्हणाली. मग आवाज खाली आला. "शेळ्या गेल्या की म्या बी घरातलं एक भांडंच. कुठं ठिवलं तिथं."

सौर प्रकल्पाला माझा विरोध नाही. ऊन आमच्याकडे उदंड आहे, त्याचा कुणाला उपयोग व्हावा. पण गवत असताना 'नाही' म्हणायचं, हे मला गिळता येईना.

मी रफीकला फोन लावला. तो आता जालन्यात मुलाच्या गॅरेजवर बसून मुलाला सल्ले देतो आणि मुलगा ते ऐकत नाही. म्हणाला, "साब, पाटी कहाँ है?" बाकी काही विचारलं नाही.

गायरान ओसाड ठरवणारा नकाशा बनवणाऱ्या मॅडम जालन्यातच बसत होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यांनी चहा मागवला आणि आधी मलाच एक कोडं घातलं. "सर, तुमच्या बहिणीच्या गावचं अगदी ताजं चित्र आहे. गायरानात हा चौकोन कसला? मागच्या खेपेला नव्हता."

मी बघितलं. आमच्या चित्रात जिवंत हिरवं लालभडक दाखवायची रीत आहे. हा चौकोन मळकट, निळसर, मेल्यासारखा. गायरानाच्या मधोमध. मी तिथूनच अक्काला विचारलं.

"आरं ती शेडनेट," अक्का म्हणाली. "सरपंच म्हणले, वरून हिरवं दिसत न्हाई म्हणत्यात ना, मंग दाखवू हिरवं. मिरच्यांच्या बियाण्याच्या प्लाटावरची सगळ्यांची जाळी आनून आंथरली. दिसलं का हिरवं?"

मॅडमना हसू आवरेना. मलाही. हिरवं कापड आणि हिरवं पान डोळ्याला सारखं, पण पानाची ती न दिसणारी खूण जाळीत कुठून येणार? उलट खालचं होतं-नव्हतं तेही झाकलं गेलं. अख्ख्या गावानं मिळून उपग्रहाला फसवायला जाऊन स्वतःचंच गायरान आणखी ओसाड करून ठेवलं होतं. सरपंचांना हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते म्हणाले, "बराबर हाय साहेब, आमची जाळी हलक्या कंपनीची व्हती."

मग आम्ही ज्या चित्रावरून निकाल लागला होता ते उघडलं. गेल्या वैशाखातलं. मॅडम म्हणाल्या, "हवा स्वच्छ होती सर. उतारावर कुठंही धूसर दिसत नाही."

"उताराला नका विचारू," मी म्हटलं. "तो मुरमाड, उजळ आहे. खालचा पाझर तलाव दाखवा."

तलाव दुधाळ दिसत होता. शेजारची नांगरलेली काळी रानंही फिकट. मॅडमनी माझ्यादेखत धुळीचा हिशोब पुन्हा केला. हे काम त्या माझ्यापेक्षा भरभर करतात. हिशोब झाला, तलाव काळा झाला, पण गायरान होतं तसंच राहिलं.

"धूळ काढली सर. गवत अजून दिसत नाही."

"पावसाळ्यानंतरचं चित्र घ्या की."

"पावसाळ्यानंतर मुरमाचा माळसुद्धा हिरवा दिसतो. तण उगवतं. टिकाऊ गवत आहे की नाही हे उन्हाळ्यात ठरवायचं असा नियम आहे, आणि नियम चुकीचा नाही. तुम्हीच सांगा." नियम बरोबर होता. "मला उन्हाळ्यात वाळलेलं गवत मोजून दाखवा," त्या म्हणाल्या, "मी लिहिते. पण पाऊस पडायच्या आत निकाल द्यायचाय."

एक वाट होती. वाळलेल्या गवतात लाकडासारखा चिवट अंश असतो. डोळ्याच्या फार पलीकडच्या उजेडात तो ठरावीक जागी उजेड पिऊन टाकतो. मुरूमही पितो, पण वेगळ्या जागी. नेहमीच्या उपग्रहांना हा बारकावा नीट पकडता येत नाही, जमिनीवरच्या पेटीला येतो. पेटीनं खूण पकडली, आणि तीच वेळ साधून उपग्रहाचं चित्र मिळालं, तर त्या चित्रात कुठला रंग म्हणजे गवत हे बांधून देता येतं. ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून पेटी आणि पाटी मागून आणली. उपग्रह धावड्यावरून कधी जाणार ते मॅडमनी काढलं. त्या दिवशी आभाळ साफ हवं, एवढंच उरलं होतं.

तोवरचे दिवस मी कसे काढले ते बायकोला विचारा. पश्चिमेचं आभाळ रोज पिवळट व्हायचं. वावटळी उठायच्या. दुपारी ढग जमायचे. मला चहा कडू लागायचा, झोपेत मी "पाटी, पाटी" म्हणायचो म्हणे. एकदा तर गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांतून तसाच चालत गेलो.

त्या दिवशी सकाळी मी, रफीक आणि मॅडम धावड्याहून वर निघालो. आभाळ बरं होतं. फार चांगलं नव्हतं. मी काळा सदरा, काळी विजार, काळी टोपी अशा थाटात. मॅडमही काळ्या कपड्यांत आल्या होत्या, मला बरं वाटलं. गायरानाच्या तोंडाशी गाव जमलेलं. सगळे पुरुष स्वच्छ पांढऱ्या धोतरांत, पांढऱ्या सदऱ्यांत, सरपंचांच्या टोपीला तर नीळ दिलेली. पाहुणे यायचे म्हणून कपाटातले ठेवणीतले कपडे बाहेर काढलेले. एवढा पांढरा उजेड एका जागी मी लग्नातसुद्धा पाहिला नाही. रफीक जीपमधून उतरला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "सफेद कपडेवाले सब पीछे! और पीछे! सरपंच साब, आप सब से पीछे!"

अक्का पुढं आली. माझ्याकडं बघून तिनं कपाळावर हात मारला. "आरं, घरी यायचं तं काळं घालून आलास?" मग माझा हात धरून तिनं मला उतारावर नेलं. "ये, तुह्यासाठी जागा करून ठिवली."

गायरानातलं सगळ्यात दाट गवत जिथं होतं, तिथं तिनं पहाटे उठून विळ्यानं खळ्याएवढी जागा कापून काढली होती. शेणानं सारवली होती. सडा घातला होता. कडेनं रांगोळी, मधे पाट, पाटाशेजारी तांब्या. एवढी वर्षं मी बहिणीकडं आलो नव्हतो. आलो तर हे सामान घेऊन, तिच्या गायरानासाठी.

मी तिथंच उभा राहिलो. रफीकनं ती जागा पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"अक्का," मी म्हटलं, "इथं नाही चालत. मला न कापलेलं गवत लागतं."

"म्हंजी?"

"तेच मोजायचंय ना. गवत."

तिचा चेहरा उतरला. "पावण्याला तसंच कुसळात बसवू व्हय? मान्सावानी बसायला जागा नको?"

घड्याळ साडेदहाकडं सरकत होतं. पश्चिमेकडून ढगाची एक पातळ फांदी येत होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, वेळ..." मी चपला काढल्या आणि त्या सारवलेल्या ओल्या जागेत पाटावर जाऊन बसलो. तांब्यातलं पाणी प्यालो. अक्कानं डोक्यावरून हात फिरवला. तेवढाच वेळ. मग उठलो, पेटी पाठीला लावली आणि पलीकडच्या गवतात घुसलो.

पाटी. गवत. पाटी. गवत. कुसळं विजारीतून मांडीत घुसत होती. रफीक पाटी धरून माझ्या मागं सरकत होता, त्याचे गुडघे कुरकुरत होते, माझेही. मॅडम सूर्याकडं यंत्र धरून आकडे सांगत होत्या. ढगाची फांदी सूर्याजवळ आली. मला घाम फुटला. आयुष्यात कितीतरी सकाळी ढगानं वाया घालवल्या, त्याचं मला कधी एवढं काही वाटलं नव्हतं. आज वाटत होतं, हातानं धरून ठेवावा त्याला. ढग सूर्याच्या खालच्या बाजूनं घासून गेला. मॅडम म्हणाल्या, "गेला वरून." उपग्रह गेला होता. पेटीच्या पडद्यावरच्या रेघेत, जिथं हवा तिथं, खळगा पडलेला दिसत होता. वाळलेल्या गवताची खूण. मी अक्काला जवळ बोलावून दाखवली.

"हे बघ. हे तुझं गवत."

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "खड्डाच हाय की ह्यो."

"खड्डाच लागतो."

"मंग बरं," ती म्हणाली आणि शेळ्यांकडं बघायला गेली.

परत निघताना सहज नाल्याच्या पलीकडं नजर गेली. समोरचाही उतार तसाच, पिवळसर. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी काही हलत होतं. शेळ्या असाव्यात. ऊन डोळ्यावर होतं, नीट दिसलं नाही.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. अक्काचं गायरान 'गवताळ' म्हणून नोंदलं गेलं होतं. कुंपण तिथं पडणार नव्हतं. मी बायकोला ओरडून सांगितलं, रफीकला फोन केला, तो म्हणाला, "देखा साब!" आणि गॅरेजमध्ये पेढे वाटले. अक्काला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "न्हाई तर काय." पण फोन ठेवायच्या आधी नाक ओढलेलं मला ऐकू आलं. त्या दिवशी साडेदहा वाजून गेले ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कळलं. मी मॅडमना पुन्हा फोन लावला. प्रकल्प मग कुठं होणार?

"नाल्यापलीकडच्या गावाच्या माळावर. तिथं ओसाड नोंद आहे."

"तिथं कुणी मोजलं?"

"नाही सर. तिथून कुणाची तक्रार आली नाही. तुमच्या बांधलेल्या रंगानं तपासलं, पण तो मुरूम तांबूस आहे, तुमचा पांढुरका. रंग जुळत नाहीत. मी ठामपणे काही सांगू शकत नाही." मग स्वतःहून म्हणाल्या, "पावसाआधी आणखी एकदा उपग्रह जाणार आहे तिथून."

त्या हलणाऱ्या ठिपक्यांनी माझी पाठ सोडली नाही. कुणाच्या होत्या त्या शेळ्या? अक्काच्या गावाला माझ्यासारखा भाऊ मिळाला, म्हणून कुंपण नाल्यापलीकडं सरकलं. तिथल्या कुणा बाईचा भाऊ असेल सुतार, असेल कंडक्टर. मी अक्काला वाचवलं की कुंपण दुसरीच्या दारात नेऊन ठेवलं? तिथं खरंच नुसता मुरूम असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मला ते माहीत नाही, आणि माहीत नसताना मला बसवत नाही. पेटी परत करायची म्हणून बांधून ठेवली होती, ती पुन्हा सोडली. गच्चीवर गेलो. आभाळ मळकट होतं. खाली आलो. पुन्हा गेलो.

तेवढ्यात अक्काचा फोन आला.

"बापू, नाल्याच्या पल्ल्याडच्या बाया आल्त्या माह्याकडं. इचारत व्हत्या, तुहा भाऊ कवा येतो."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, येतोच."

"अक्का, मला न विचारता सांगून टाकलंस? आभाळ बघ कसंय. ढग आले तर? आणि तिथं गवतच नसलं तर?"

"नसलं तं नसलं. बघून तं जा." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "अन् म्या त्यांना बजावून ठिवलंय, कुनी गवताला इळा लावायचा न्हाई. सडा घालायचा न्हाई, रांगोळी न्हाई. म्हणलं, पावण्याला तसंच बसू द्या. त्याला कुसळंच पायजेत."